चलन फाटलं म्हणून गाडीचा इन्शुरन्स महागतो का?

नगरहून पुण्याला जाऊन आलात. सुपा, शिरूर, शिक्रापूर, वाघोली आणि परत तोच रस्ता. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर मेसेज येतो: वेगमर्यादा ओलांडली, ई-चलन. दंडाचं दुःख असतंच, त्यात कुणीतरी एक रील पाठवतं. 'चलन फाटलं की पुढच्या वर्षी इन्शुरन्सचा प्रीमियम वाढणार!'

ही गोष्ट अमेरिकेत खरी आहे. तिथे विमा कंपन्या चालकाचं रेकॉर्ड तपासतात आणि त्यात वेगाचं तिकीट दिसलं तर प्रीमियम वाढवू शकतात. अशा अनेक रील तिकडच्या माहितीवरून उचललेल्या असतात. आपल्याकडे एमएच-16 किंवा एमएच-17 पासिंगच्या गाडीला नुसत्या चलनापोटी वेगळा प्रीमियम लागत नाही.

मग प्रीमियम ठरतो कसा?

पॉलिसीचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान. याचे दर सरकार ठरवतं, कंपनी नाही. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार 1,000 सीसीपर्यंतच्या खासगी कारला 2,094 रुपये, 1,000 ते 1,500 सीसीला 3,416 रुपये आणि त्यापुढच्या गाडीला 7,897 रुपये, जीएसटी वेगळा. तुमच्या नावावर एक चलन असो की वीस, हा आकडा तोच.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. दोन्ही भाग एकत्र घेतले की त्याला आपण 'फुल इन्शुरन्स' म्हणतो. या दुसऱ्या भागात गाडीची आजची किंमत, वय, इंजिन आणि नोंदणीचं ठिकाण धरलं जातं. पुणे 'अ' झोनमध्ये आहे, अहिल्यानगर 'ब' मध्ये. त्यामुळे इथे पासिंग झालेल्या गाडीचा मूळ दर पुण्यापेक्षा किंचित कमी असतो. पाच वर्षांच्या आतल्या, 1,000 सीसीपर्यंतच्या कारसाठी जुन्या दरपत्रकात पुण्याला 3.127 टक्के आणि नगरला 3.039 टक्के असा फरक होता.

खरा फरक पडतो तो नो क्लेम बोनसमुळे. क्लेम न घेता वर्षं गेली की या दुसऱ्या भागावर 20, 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के सूट मिळते. चलनाने ती जात नाही, क्लेमने जाते. समजा, सूट धरण्याआधी हा भाग 8,000 रुपयांचा आहे आणि तुम्ही 50 टक्क्यांवर पोहोचला आहात. बंपर चेपला म्हणून छोटासा क्लेम केलात, तर पुढच्या वर्षी सूट शून्य, मग 20, 25, 35, 45. परत 50 वर येईपर्यंत पाच वर्षांत मिळून 10,000 रुपये जास्त जातात (गाडी जुनी होते तशी किंमत उतरते, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी). चार हजारांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी क्लेम करण्यापूर्वी हे गणित जरूर मांडा.

चलन जोडण्याचा विचार झाला होता

विमा नियामक आयआरडीएआयच्या कार्यगटाचा एक मसुदा जानेवारी 2021 मध्ये समोर आला. त्यात वाहतूक नियम मोडल्याबद्दल वेगळा प्रीमियम सुचवला होता. दारू पिऊन गाडी चालवली तर 100 गुण, चुकीच्या पार्किंगला 10. गुणांनुसार चारचाकीला 300 ते 1,500 रुपये आणि दुचाकीला 100 ते 750 रुपये. सुरुवात दिल्लीत प्रायोगिक तत्त्वावर करायची होती. हा भार नोंदणीकृत मालकावर पडणार होता. म्हणजे मेहुण्याने तुमची गाडी शिर्डीला नेऊन चलन फाडून घेतलं, तरी गुण तुमच्याच खात्यात! कॅमेऱ्याला गाडीचा नंबर दिसतो, स्टिअरिंगवर कोण आहे ते नाही, ही त्यातली अडचण उघड आहे. त्या मसुद्याचा देशभर लागू नियम झालेला नाही.

फटका बसतो तो वेगळ्याच ठिकाणी

ज्या चुकीसाठी चलन फाटतं, तीच चूक करताना अपघात झाला तर मात्र लाखांचा प्रश्न येतो. दारूच्या अंमलाखाली गाडी चालवताना नुकसान झालं, तर पॉलिसीच्या अटींनुसार स्वतःच्या गाडीचा क्लेम नाकारला जातो. चालकाकडे वैध लायसन्स नसेल तरी तेच. समोरच्याला भरपाई द्यायची वेळ आली, तर लायसन्स नसण्यासारख्या प्रकरणांत न्यायाधिकरण कंपनीला आधी पैसे भरायला सांगून नंतर ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या स्वर्णसिंग निकालापासून हा मार्ग रूढ आहे.

आपल्याकडे पोरगं सोळाव्या वर्षीच गाडी घेऊन शेतावर, क्लासला जातं. ते चालवताना सापडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ नुसार पालकाला किंवा मालकाला 25,000 रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द. आणि त्याच्या हातून कुणी दगावलं, तर वर सांगितलेली वसुली बापाच्या दारात येते.

इन्शुरन्सच संपलेला असेल तर पहिला दंड 2,000 रुपयांचा, दुसऱ्या वेळी 4,000. पण अपघात झाला तर सगळी भरपाई मालकाच्याच खिशातून. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की जमवलेला नो क्लेम बोनसही जातो.

थकलेल्या चलनांमुळे गाडी विकताना नाव बदलण्यासारखी आरटीओतली कामं अडकू शकतात. जुनी गाडी घेणार असाल, तर टोकन देण्याआधी महाट्रॅफिकच्या ॲपवर किंवा परिवहनच्या वेबसाइटवर नंबर टाकून चलनं बघा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस मात्र गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही.

आणि पीयूसी? सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या आदेशानुसार वैध पीयूसीशिवाय पॉलिसीचं नूतनीकरण करायचं नव्हतं; ती अट न्यायालयानेच 2024 मध्ये काढून टाकली. पण पीयूसी नाही एवढ्याच कारणाने अपघाताचा क्लेम नाकारता येत नाही, असं आयआरडीएआयने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे 'पीयूसी नाही, क्लेम बाद' असं कुणी तोंडी सांगितलं, तर नकाराचं कारण लेखी मागा.