बिनघरट्याचे पाहुणे

नंदगडाला समुद्र नाही. खानापूर तालुक्यातल्या ह्या जुन्या पेठेच्या पश्चिमेस सह्याद्रीचे रान आहे, रानापलीकडे घाट आहे, आणि घाट उतरून गेल्यावर गोमंतकाचा किनारा लागतो. तरीही समुद्र नंदगडच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या येत असे. नारळ, सुपारी आणि मीठ ह्यांच्या रूपाने, बैलांच्या पाठीवरून तो घाट चढून येई आणि परतीच्या पाठीवर घाटावरचे धान्य खाली उतरे. ह्या तालुक्याच्या पाण्यालाही अशीच दुहेरी ओढ आहे. कणकुंबीची मलप्रभा पूर्वेची वाट धरून कृष्णेकडे जाते. भीमगडाच्या रानातली म्हादई मात्र पश्चिमेस वळते, खाली उतरून मांडवी होते आणि पणजीपाशी सागराला मिळते. त्याच मांडवीच्या मुखाजवळ चोडण बेटावर १९८८ पासून डॉ. सालिम अलींच्या नावाचे पक्षी-अभयारण्य आहे. तेव्हा घाटावरच्या माणसाने किनाऱ्यावरच्या पाखरांविषयी चार शब्द लिहिले, तर ते अगदीच उपरेपणाचे ठरू नये.

विषय छायाचित्रांचा आहे, म्हणून नंदगडचीच आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी येथे १८३१ च्या जानेवारीत फाशी दिले. छायाचित्रणाची कला युरोपात जाहीर झाली ती १८३९ साली. म्हणजे अवघ्या आठ वर्षांनी तो वीर कॅमेऱ्याच्या अलीकडे राहिला. आज त्याचे जे मुखवटे व चित्रे आपण पाहतो, ती सारी कल्पनेची. नंदगडाने त्याची आठवण समाधीत आणि वडाच्या छायेत जपली, प्रतिमेत नाही. कोणती गोष्ट चित्रात उतरली आणि कोणती उतरायची राहून गेली, हा इतिहासाच्या अभ्यासकाला नेहमीच सतावणारा प्रश्न आहे. तो माणसांपुरता मर्यादित नाही. पाखरांनाही लागू आहे.

हिवाळ्याच्या दिवसांत मांद्रे, मोरजी, गालजीबाग किंवा कारवार येथल्या वाळूवर सकाळी पाऊल टाकावे. गळ्यात कॅमेरा अडकवलेली एखाददुसरी व्यक्ती हमखास भेटते. रोजची फेरी आणि रोजची चार चित्रे हा आता पुष्कळांचा नेम झाला आहे. परंतु हे दृश्य नवे आहे. पाऊणशे-शंभर वर्षांपूर्वीचे पक्षी-छायाचित्रणाचे ग्रंथ उघडून पाहिले, तर त्यांत घरटी आणि पिले भरपूर आढळतात. थंडीपुरते आपल्या वाळूवर उतरणारे पाहुणे थोडे. असे का व्हावे?

कॅमेरा आपल्याकडे उशिरा आला, असे म्हणण्याची सोय नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ह्या कलेचा वर्ग निघाला. त्या सोसायटीच्या आरंभीच्या धुरीणांत डॉ. नारायण दाजी होते. त्यांचे बंधू भाऊ दाजी लाड ह्यांचा जन्म पेडणे महालातल्या मांद्र्याचा. आपल्या भाषाभगिनींच्या प्रदेशातल्या, समुद्राची गाज ऐकणाऱ्या गावाशी नाते सांगणाऱ्या एका घराण्याने छायाचित्रणाच्या पहिल्या पिढीत असे स्थान मिळवावे, ही अभिमानाची गोष्ट खरी. पण त्या पिढीचा कॅमेरा वळला तो इमारतींकडे, लेण्यांकडे आणि निरनिराळ्या जातींच्या व व्यवसायांच्या माणसांकडे. त्याला दोष देता येत नाही. त्या वेळी ओल्या काचेची रीत होती. काचेवर कोलोडियनचा लेप द्यायचा, तो ओला आहे तोवर चित्र घ्यायचे आणि सुकण्यापूर्वी ते धुऊन काढायचे. अंधारखोली तंबूच्या रूपाने बरोबर वागवायची. समोरच्याने कित्येक क्षण निश्चल बसले पाहिजे. लेणे निश्चल बसते, शास्त्रीबुवाही बसतात. लाटेच्या कडेने दुडदुडणारा चिखल्या बसत नाही.

पाखरांची नोंद होत होती, पण ती बंदुकीने आणि लेखणीने. मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतले व्हिडाल ह्यांनी दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली पद्धतशीर यादी १८८० साली ह्यूमसाहेबांच्या 'स्ट्रे फेदर्स' ह्या नियतकालिकात छापली. तीन वर्षांनी, १८८३ च्या सप्टेंबरात, आठ जणांनी मिळून मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते, हे विसरू नये. उरलेल्यांत एक होता एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण रोजच्या फेरफटक्याला वाङ्मयाचा दर्जा त्याने दिला.

एटकेनचा जन्म १८५१ चा, साताऱ्यात. बाप स्कॉटिश मिशनरी. शिक्षण मुंबई-पुण्यास झाले. डेक्कन कॉलेजात काही वर्षे लॅटिन शिकवून १८७६ साली तो सरकारच्या जकात व मीठ खात्यात शिरला. मीठ खाते म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जुलूम उभा राहतो, आणि तो खराच होता. १८७८ च्या तहाने इंग्रजांनी गोव्यातल्या मिठागरांवरही आपला हात ठेवला; घाट चढून नंदगडासारख्या पेठांत येणाऱ्या मिठाची वाट त्या तहाने पहाऱ्याखाली आली. परंतु इतिहासाचा विनोद असा, की त्याच खात्याच्या नोकरीने एका निसर्गवेड्या माणसाला खाड्या, खाजणे आणि मिठागरे तुडवीत ठेवले. खाराघोडा, उरण, उत्तर कानडा, गोव्याची सरहद्द, रत्नागिरी असा तो फिरला. मिठागर म्हणजे उथळ खारे पाणी आणि चिखल. हिवाळी पाखरांना ह्याहून चांगली पंगत कोणती? शेकाट्या, तुतवार, चिखल्या ही सारी मंडळी तेथे उतरतात. मीठ पिकवण्याचा काळ आणि पाहुण्यांच्या मुक्कामाचा काळही बराचसा एकच, पावसानंतरचा कोरडा.

'ए नॅचरॅलिस्ट ऑन द प्राउल' हे एटकेनचे १८९४ चे पुस्तक उत्तर कानड्याच्या रानावनांतले आहे. त्याची थोरवी माझ्या मते दुर्मीळ प्राणी शोधण्यात नाही. रोज त्याच वाटेने जावे, तेच झाड, तेच डबके पाहावे, आणि कालच्याहून आज काय निराळे आहे ते टिपावे, ही त्याची रीत. साहेबी अहंकार त्याच्या विनोदातून अधूनमधून डोकावतो आणि आपल्या लोकांविषयी लिहिताना त्याची लेखणी बोचते. ते वाचताना मन खट्टू होते. पण पाहण्याची त्याची शिस्त घेण्यासारखी आहे. कारवारचे जिल्हाधिकारी डेव्हिडसन आणि वनाधिकारी बेल हे त्याचे सोबती. ह्या तिघांनी उत्तर कानड्यातल्या फुलपाखरांवर जे काम केले, ते ह्या विषयात आजही पायाभूत मानतात. बेल तर कारवारचाच होऊन राहिला आणि १९४८ साली तेथेच वारला.

ह्या पिढीने पुष्कळ दिले, पण दिले ते शब्दांत आणि पेंढा भरलेल्या कातड्यांत. आमच्याच तालुक्यातले उदाहरण घ्या. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतून १९१२ च्या सुमारास एक वटवाघूळ गोळा झाले. लंडनच्या थॉमसने १९१३ साली त्याचे वर्णन करून त्याला रॉटन ह्या वनाधिकाऱ्याचे नाव दिले. पुढे कित्येक दशके त्या जातीचे जगात दुसरे ठिकाण ठाऊक नव्हते. आज ते रान भीमगड अभयारण्यात मोडते. त्या वटवाघळाची शास्त्रातली पहिली ओळख झाली ती मेलेल्या नमुन्यावरून. जिवंतपणी गुहेतून संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या त्याच्या थव्याची नाही.

कोरड्या काचा आल्या, १८८८ नंतर हातात धरण्याजोगे कॅमेरे आले, आणि तरीही किनाऱ्यावरचा हिवाळी पक्षी चित्राबाहेरच राहिला. ह्याचे कारण कॅमेऱ्याहून पाखराच्या स्वभावात अधिक आहे. त्या काळच्या भिंगाला दूरचे दिसत नसे. छायाचित्रकाराने जवळ गेले पाहिजे, आणि पाखराने ठरलेल्या जागी परत आले पाहिजे. अशी जागा एकच, घरटे. म्हणून घरट्यासमोर लपण उभारायचे, आत तासन्‌तास दडून बसायचे आणि पक्षी पिलांना भरवायला आला की कळ दाबायची, ही रीत रूढ झाली. लोथर हा रेल्वेतला अधिकारी; त्याचे 'ए बर्ड फोटोग्राफर इन इंडिया' १९४९ साली निघाले, आणि त्याने बेट्सबरोबर केलेला १९५२ चा ग्रंथ तर नावानेच काश्मिरात वीण घालणाऱ्या पक्ष्यांचा आहे. कलेच्या दृष्टीने ही चित्रे उत्तम. पण आपल्या वाळूवर उतरणारे तुतवार आणि कुरव येथे घरटी करीतच नाहीत. त्यांची वीण लडाख-तिबेटच्या सरोवरांकाठी किंवा त्याहूनही उत्तरेस. येथे ते येतात केवळ खाण्यासाठी आणि थंडी टाळण्यासाठी. ज्याला घर नाही, त्याचे चित्र नाही, असाच तो न्याय झाला. लांब पल्ल्याची भिंगे, जलद फिल्म आणि अखेरीस फिल्मच नसलेला कॅमेरा ह्यांनी हा न्याय बदलला, तो अगदी अलीकडे. तेव्हा आज सकाळी वाळूवर फिरणारा हौशी माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, एका रिकाम्या वहीचे पहिले पान लिहीत आहे.

ते पान कसे लिहिले जाते, हे पाहण्यासारखे आहे. पश्चिम किनाऱ्याला निसर्गानेच एक सवलत दिली आहे. सकाळी सूर्य सह्याद्रीवरून, आपल्या पाठीमागून येतो, आणि समुद्राकडे तोंड केलेल्या माणसासमोरचे प्रत्येक पीस उजळून निघते. संध्याकाळी तोच सूर्य समोर येतो आणि पाखरांच्या काळ्या आकृत्या उरतात. त्या सुंदर दिसतात, पण ओळखू येत नाहीत. दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे रोज सातच्या ठोक्याला जाणाऱ्याला रोज निराळा किनारा भेटतो. एके दिवशी ओहोटीने उघडा पडलेला लांबरुंद पट्टा आणि त्यावर विखुरलेली, चोची खुपसणारी पाखरे. आठवड्याने पाहावे तर पाणी वर चढलेले आणि सारा थवा उरल्यासुरल्या वाळूवर दाटीवाटीने एका पायावर झोपलेला. पंधरवड्याने चक्र पुन्हा जुळते. कोळ्यांना हे घड्याळ तोंडपाठ. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीची वेळ कळते: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. गावागावांत थोडा फरक पडतो, पण चित्रे घेणाऱ्याला ह्याहून सोपे पंचांग सापडणार नाही. एकदाच गेलेल्या माणसाने 'आज पक्षी नव्हते' असे म्हणू नये. तो भरतीला गेला की ओहोटीला, ते आधी विचारावे.

रोज जाण्याचा खरा लाभ कुरवात दिसतो. ग्रंथांत ह्याचे नाव तपकिरी डोक्याचा कुरव, आणि दिवाळीच्या सुमारास वाळूवर जो दिसतो त्याचे डोके पाहावे तर पांढरे. कानापाशी तेवढा एक काळसर ठिपका. नवखा माणूस गोंधळतो. माघ-फाल्गुनाकडे डोक्यावर तपकिरी छटा उमटू लागते, एकावर अधिक, दुसऱ्यावर कमी, आणि उत्तरेची ओढ लागेपर्यंत टोपी पुरी होते. हा बदल कोणत्याही एका चित्रात नाही. तो नोव्हेंबर ते मार्चच्या चित्रांच्या ओळीत आहे. उत्तम भिंग घेऊन एका रविवारी आलेल्या पाहुण्यापेक्षा साधा कॅमेरा घेऊन रोज येणाऱ्या गावकऱ्याचे काम इतिहासाला जास्त उपयोगी पडते, ते ह्यामुळे.

घरटे करणारा एक हिवाळी पाहुणाही ह्या किनाऱ्याला आहे, तो पंखांचा नाही. ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या हिवाळ्यात रात्री वाळूवर चढतात व अंडी घालतात. वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने त्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले, आणि पूर्वी अंडी उकरून नेणाऱ्या गावांतूनच राखणदार उभे राहिले. गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग येथे हीच राखण चालते. मोरजी म्हणजे मांद्र्याचा शेजार. भाऊ दाजींच्या जन्मगावालगतची ती वाळू. तेथे मात्र कॅमेरा मिटूनच ठेवला पाहिजे. उजेडाचा झोत पडला की मादी अंडी न घालता परत फिरते, आणि पिले पाण्याकडे जाण्याऐवजी दिव्याकडे चालू लागतात. थव्यावर धावून जाऊन उडत्या पाखरांचे चित्र घेणारेही मी पाहिले आहेत. पुढच्या हजारो मैलांसाठी चरबी साठवणाऱ्या जिवाला आपण दिवसातून दहा वेळा उठवतो, ह्याचा हिशेब चित्रात दिसत नाही.

दर जानेवारीत आशियाई पाणपक्ष्यांची गणना होते. आपल्या उपखंडात ती १९८७ पासून चालू आहे. तिच्यात आकडे असतात, आणि आकड्यांना चित्रांचा आधार मिळाला तर हवाच आहे. पण आज हजारो चित्रे अशी पडून आहेत, की ज्यांखाली 'समुद्रकिनारा, सकाळ' ह्यापलीकडे अक्षर नाही. व्हिडालच्या यादीशेजारी ती ठेवता येत नाहीत. तारीख, तिथी, गावाचे नाव, भरती की ओहोटी, आणि शेजारी तिसऱ्या वेचणाऱ्या बाईने त्या पाखराला कोणत्या नावाने हाक मारली तो शब्द, मराठी असो वा कोंकणी, एवढे चित्राखाली लिहायला दोन मिनिटे पुरतात. एटकेनजवळ कॅमेरा नव्हता, पण ही दोन मिनिटे होती.

चैत्र-वैशाखाच्या संधीला एके सकाळी वाळू रिकामी असते. कुरव गेलेले असतात. त्या दिवशीही नेहमीच्या जागी उभे राहून रिकाम्या वाळूचे चित्र घ्यावे आणि त्याखाली तारीख घालावी. पाखरे केव्हा गेली, ते पुढच्या माणसाला त्यावरूनच कळायचे आहे.