तक्रारी : निरंक

मनुष्य घर सोडून परमुलखात निघाला म्हणजे वाटेत कोणीतरी त्याला अडवून 'कोण, कोठून, काय घेऊन' असे विचारावे, हा शिरस्ता फार जुना आहे. किल्ल्याच्या वेशीवर पहारेकरी विचारी, जकातीच्या नाक्यावर कारकून विचारी. परंतु हे प्रश्न प्रवाशाच्या नावाला आणि सामानाला उद्देशून असत. त्याचे शरीर हाच तपासणीचा विषय व्हावा आणि त्याला कायद्याचे अधिष्ठान मिळावे, ही गोष्ट आपल्याकडे त्या मानाने अलीकडची होय. बंगळूरच्या विमानतळावर हात पसरून उभे राहताना आपल्यापैकी पुष्कळांना ती विमानयुगाची देणगी वाटत असेल. वस्तुतः तिचा उगम रेल्वेच्या फलाटावर आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग प्रकटला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा अमलात आला. कायदा अवघ्या चार कलमांचा. परंतु त्याच्या दुसऱ्या कलमात रेल्वेने अथवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा आणि संशयितांना वेगळे काढून ठेवण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला होता. त्यान्वये फलाटावर उतारूंच्या रांगा लागू लागल्या. कोणास ताप आहे काय हे पाहणे, चर्या न्याहाळणे, काखेत आणि जांघेत गाठ आहे काय हे चाचपणे, असे त्या तपासणीचे स्वरूप होते. रोग खरा होता आणि त्याची धास्तीही खरी होती. पण ज्या समाजात परपुरुषासमोर पदर ढळणे हीदेखील लाजेची बाब होती, तेथे या चाचपणीने काय झाले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

पुण्याची हकीकत मराठी वाचकांस ठाऊक आहे; तथापि तिच्यातील एका तपशिलाकडे सहसा लक्ष जात नाही. प्लेग समितीचे अध्यक्ष रँड हे सनदी नोकर होते. घरझडतीस जाणाऱ्या गोऱ्या सोजिरांनी लोकांच्या धर्मभावना आणि स्त्रियांची अदब सांभाळावी, अशा सूचना कागदोपत्री दिलेल्या होत्या. पुढे समितीच्या अहवालात, कोणा स्त्रीच्या अब्रूस बुद्ध्या धक्का लावल्याची विश्वसनीय तक्रार आली नाही, याबद्दल समाधान व्यक्त करण्यात आले. आजच्या कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर, तक्रारी : निरंक.

त्याच सुमारास गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तेथील वृत्तपत्रास, सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचे सांगितले. मायदेशी परतल्यावर पुरावा मागितला गेला, तेव्हा ज्यांनी पत्रे धाडली होती त्यांच्यापैकी कोणी उघडपणे पुढे येण्यास तयार होईना. गोखल्यांना ऑगस्ट १८९७ मध्ये बिनशर्त माफी मागावी लागली. विशिष्ट आरोप खरा होता की खोटा, याचा निवाडा कधीच झाला नाही. मात्र या प्रकारच्या तक्रारीचे स्वरूप त्यातून उघड होते. चोरी झाली तर मनुष्य चावडीवर जाऊन ओरडतो. अब्रूला धक्का लागला तर तो प्रथम दार लावून घेतो. तक्रार करणे म्हणजे तोच अपमान चारचौघांत पुन्हा एकदा सोसणे होय. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, त्यापूर्वी सरकारदरबारी दप्तर बहुतांशी स्वच्छच होते.

इतके करूनही रोग थांबला नाही. ऑगस्ट १८९८ मध्ये तो बंगळुरात पोहोचला. आणि पोहोचला तोही हुबळीकडून, सदर्न मराठा रेल्वेच्या मार्गाने. आज आपण ज्या मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी भागांत ऐसपैस रस्ते पाहून सुखावतो, त्या वसाहतींच्या वाढीस त्या साथीचाच मोठा हातभार लागला. पुढे साथ ओसरली, तसे फलाटही मोकळे झाले. पण कायदा राहिला. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या निमित्ताने तोच पुन्हा बाहेर निघाला आणि महाराष्ट्रात घरी विलग राहावयास सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईचे शिक्के उमटले.

विमानतळावरील झडतीचा जन्म दुसऱ्या भयातून झाला. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूस निघालेले 'गंगा' नावाचे विमान पळवून लाहोरला नेण्यात आले. १० सप्टेंबर १९७६ रोजी दिल्लीहून निघालेले दुसरे एक विमान तेथेच नेले गेले. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये विमान वाहतूक सुरक्षेचा स्वतंत्र कक्ष उभा राहिला. २३ जून १९८५ रोजी 'कनिष्क' विमान अटलांटिकवर स्फोटाने कोसळून ३२९ माणसे मृत्युमुखी पडली. टोरोंटोच्या विमानतळावर आदल्या दिवशी सामान तपासण्याचे क्ष-किरण यंत्र बिघडले होते! १ एप्रिल १९८७ पासून या कक्षाचे स्वतंत्र खाते झाले. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूचे विमान कंदाहारला नेण्यात आले आणि फेब्रुवारी २००० मध्ये, जयपूरपासून आरंभ करून, विमानतळांचा पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे येऊ लागला. हा इतिहास ध्यानात घेतला म्हणजे झडतीच नको, असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही.

देवनहळ्ळीचा विमानतळ २४ मे २००८ रोजी सुरू झाला, तेव्हा ही पद्धती पूर्ण आकारास आलेली होती. चौकटीतून जावयाचे, लहानशा चौथऱ्यावर उभे राहावयाचे, हातातील शोधक यंत्र अंगावरून फिरू द्यावयाचे. पुरुषांची तपासणी उघड्यावर, स्त्रियांची पडद्याआड आणि स्त्री-कर्मचाऱ्याकडून. हा पडदा क्षुल्लक दिसतो, परंतु फलाटापासून विमानतळापर्यंतच्या सव्वाशे वर्षांत प्रतिष्ठेच्या पदरात जे पडले, त्यांतील फार मोठा वाटा त्या हातभर कापडाचा आहे.

पण पडद्याआड काय घडते याची नोंद कोठे होते? ऑक्टोबर २०२१ मध्ये नर्तकी सुधा चंद्रन यांनी, प्रत्येक विमानतळावर आपल्याला कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो, हे पंतप्रधानांना उद्देशून जाहीरपणे सांगितले. सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली. १९८१ च्या अपघातानंतर त्याच पायावर त्या नाचत आणि प्रवास करीत आल्या होत्या. जाहीर तक्रार मात्र इतक्या वर्षांनी झाली. जानेवारी २०२३ मध्ये बंगळुरात एका तरुण प्रवासी स्त्रीने, तपासणीच्या वेळी आपल्याला अंगावरील वरचे वस्त्र उतरविण्यास सांगितले गेले, असे समाजमाध्यमावर लिहिले. विमानतळाने खेद प्रकट करून प्रकरण सुरक्षा दलाकडे सोपविल्याचे कळविले. एप्रिल २००९ मध्ये तर माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांची, झडतीतून मुक्त असलेल्यांच्या यादीत असूनही, दिल्लीत एका अमेरिकन विमानकंपनीने झडती घेतली. ते मुकाट्याने सामोरे गेले आणि त्यांनी तक्रार केली नाही. तीन महिन्यांनी संसदेत गदारोळ झाला, तेव्हा कंपनीने माफी मागितली. थोरांच्या मौनाला बोलणारे भेटतात. चौथऱ्यावरच्या सामान्य माणसाला विमान गाठावयाचे असते, आणि त्याचे मौन संमती म्हणून जमा होते.

कायद्याच्या क्षेत्रात या मौनाला वाचा फोडली ती बंगळूरच्याच एका वृद्ध गृहस्थांनी. झडती आणि जप्ती यांच्या संबंधातच सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये, आपल्या राज्यघटनेत खाजगीपणाचा असा हक्क नाही, असे मत नोंदविले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, 'आधार' योजनेविरुद्ध न्यायालयात गेले. त्यातून २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. त्या पीठावर बोबडे, सप्रे आणि चंद्रचूड होते. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात आणीबाणीतील १९७६ चा तो निर्णयही चुकीचा ठरविला, ज्यात त्यांच्या वडिलांचा सहभाग होता. राज्यसत्तेला या हक्कात हात घालावयाचा असेल, तर कायद्याचा आधार हवा, हेतू उचित हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, अशी कसोटी त्या निकालाने घालून दिली.

१ डिसेंबर २०२२ पासून बंगळूरसह तीन विमानतळांवर चेहरा हीच ओळख मानणारी 'डिजियात्रा' सुरू झाली, तिलाही हीच कसोटी लागू पडावयास हवी. योजना ऐच्छिक आहे. परंतु न विचारताच चेहरा टिपून घेतल्याच्या तक्रारी २०२४ च्या आरंभी आल्या. ऐच्छिक हा शब्द परिपत्रकात असणे आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसाने तो उच्चारणे, यांत पुणे ते बंगळूर इतके अंतर पडू शकते.

हे अंतर मोजण्याचे काम आपल्यासारख्यांवर विशेष आहे. बदलीच्या निमित्ताने वर्षातून चार वेळा आपण त्या रांगेत उभे राहतो. आणि एरवी कोणत्या ना कोणत्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूस बसून इतरांना रांगेत उभे करतो. आपल्या सूचना सौजन्याच्याच असतात, तशा त्या रँडच्याही होत्या. हाताखालच्या माणसाने त्या कशा पाळल्या, ज्याला लागले त्याने कोणापाशी सांगावे, सांगितल्यास त्याची गाडी किंवा विमान चुकणार नाही अशी तजवीज काय, हे मात्र विवरणपत्राच्या कोणत्याच रकान्यात नसते. महिनाअखेरीस 'तक्रारी' या शब्दापुढे 'निरंक' लिहिताना लेखणी क्षणभर थांबवावी, आणि एकदा उठून दारापर्यंत जाऊन पाहून यावे, एवढेच.