उभ्या गाडीची धाप

गाडी जागच्या जागी उभी आहे आणि इंजिन मात्र घाट चढत असल्यासारखे घोंघावते आहे, हा प्रकार मी 2015 सालच्या दिवाळीआधी चांगले आठ दिवस अनुभवला. गाडी माझ्या मामांची. वयाने माझ्याहून थोडीच लहान. "भाच्या, मला आता रात्रीचे दिसत नाही, ही तूच सांभाळ," असे म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली होती. रेल्वेच्या फाटकाशी थांबलो की आजूबाजूचे लोक वळून पाहत. मास्तरांना एवढी कसली घाई, असे त्यांना वाटत असावे!

आदल्याच आठवड्यात कऱ्हाडच्या एका गॅरेजात मी गाडीची साफसफाई करून घेतली होती. कार्बोरेटर धुतला होता तिथल्या पोऱ्याने. हा पोऱ्या माझाच जुना विद्यार्थी. नववीतून शाळा सोडलेला. मी तडक तिथे गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणालो, "स्क्रू तूच पिळून ठेवलास. वर्गातही तुझा हात कधी स्वस्थ नसे." मुलगा काही बोलला नाही. खाली मान घालून हातातला पाना पुसत राहिला. मिस्त्री तेवढे म्हणाले, "मास्तर, आधी बघू या. मग बोलू."

ते बघणे तासभर चालले. त्या तासाने मला पुढे कित्येक महिने यंत्रांच्या इतिहासात गुंतवून ठेवले. विज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकपुरताच. पण गोष्ट मोठी रंजक आहे.

यंत्राला पळवणे माणसाला आधी साधले, आवरणे मागाहून. जेम्स वॉटने 1788 साली आपल्या वाफेच्या इंजिनाला दोन लोखंडी गोळ्यांचा नियंता जोडला. इंजिन जोरात फिरू लागले की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची वाट आवळली जाई. वेग उतरला की गोळे खाली येत आणि वाट पुन्हा मोकळी होई. कल्पना मुळात पवनचक्कीवाल्यांची. वॉटने ती वाफेच्या घरी आणली. पण असे नियंते कधी कधी स्वतःच हेलकावे खात: वेग वाढे, पडे, पुन्हा वाढे. याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल या थोर शास्त्रज्ञाने 1868 साली मांडले, म्हणजे गोळे फिरू लागल्यावर तब्बल ऐंशी वर्षांनी.

मग मोटार आली. कार्ल बेन्झने 29 जानेवारी 1886 रोजी जर्मनीत आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. तिला एकच सिलिंडर, ताकद पाऊण अश्वशक्तीच्या आसपास, फेरे मिनिटाला सुमारे 400. दोन वर्षांनी, 1888 च्या ऑगस्टमध्ये, त्याची पत्नी बेर्था दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, सुमारे 100 किलोमीटरवरच्या आपल्या माहेरी, त्या गाडीतून गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली. बाईंनी ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंजिनाला काय मिळत नाही, हे त्यांनी आधी ओळखले आणि मग हात घातला. माझ्या मते मोटारीची पहिली मिस्त्रीण तीच!

त्या गाडीत इंधन नुसते उघड्या पृष्ठावरून उडून हवेत मिसळत असे. 1893 साली बुडापेस्टमध्ये बांकी आणि चोंका या जोडीने, आणि त्याच वर्षी जर्मनीत विल्हेल्म मायबाखने, अत्तराच्या फवाऱ्यासारखा इंधनाचा फवारा उडवणारा कार्बोरेटर आणला. पुढे 1908 साली आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'त चाकाखाली दोन दांड्या असत: एक हवा-पेट्रोलाच्या मिश्रणाची, दुसरी ठिणगीच्या वेळेची. त्या दोन्ही सांभाळत इंजिन शांत ठेवणे हे चालकाच्याच कानाचे काम.

आता कार्बोरेटरची खरी परीक्षा कुठे होते? भरधाव रस्त्यावर नव्हे. गाडी उभी असताना. पायातला दट्ट्या सोडला की आतली झडप जवळजवळ मिटते. पिस्टन मात्र हवा ओढतच असतो. मोठ्या वाटेने वारा एवढा मंद येतो, की तिथला पेट्रोलचा फवारा उडतच नाही. म्हणून झडपेच्या कडेशी एक बारीक वाट ठेवतात आणि झडप केसभर उघडी राहावी म्हणून तिला एका स्क्रूचा टेकू देतात. एवढ्याशा घासावर इंजिनाने मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांनी शांत गुरगुरत राहायचे. ते जास्त पळू लागले, तर बहुधा समजावे की हवा कुठून तरी जास्त शिरते आहे.

मिस्त्रींनी संशयित ओळीने तपासले. प्रथम दट्ट्याची तार: ती कुठे अडकत नव्हती, स्प्रिंग झडपेला पुरती मागे आणत होती. मग चोक: थंड इंजिनासाठी ओढायची ही सोय अर्धवट राहिली, तरी झडप उघडी राहते. तोही पूर्ण आत होता. मग स्क्रू. मिस्त्रींनी मला बोलावून दाखवले. पोऱ्याने तो पिळला नव्हता. उलट वेग उतरावा म्हणून पुरता सैल करून ठेवला होता. टेकू काढलेला, झडप मिटलेली, आणि तरीही इंजिन धावत होते!

मग त्यांनी चालू इंजिनाच्या कार्बोरेटरचे तोंड तळहाताने गच्च दाबले. नाकतोंड बंद झालेले इंजिन तत्काळ गुदमरून बंद पडायला हवे. ते अडखळले, पण चालत राहिले. "हवा मागल्या दाराने येतेय, मास्तर," मिस्त्री म्हणाले. त्यांनी तेलाची झारी घेऊन कार्बोरेटरच्या बुडाच्या सांध्यावर थेंब सोडले. एका बाजूला तेल पडताच आवाज खाली उतरला. तेल ओढले गेले, की पुन्हा चढला. सांध्यातली गास्केट उष्णतेने वाळून चिरली होती. मी दोष लावला स्क्रूला. चोर बसला होता सांध्यात.

काळ पुढे गेला आहे. 1967 साली फोक्सवॅगनच्या एका गाडीत इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने पेट्रोल मोजून देण्यास आरंभ झाला. आपल्याकडे 2000 सालानंतर नव्या मोटारींतून कार्बोरेटर मागे पडत गेला. मुंबईची पद्मिनी टॅक्सीही 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. पण नव्या गाडीतही एखादी रबरी नळी चिरते, मोजक्या हवेत आगंतुक हवा मिसळते, आणि पुष्कळ गाड्यांतला संगणक इमानाने तिच्यापुरते जादा पेट्रोल देत राहतो. उभी गाडी धापा टाकू लागते.

नवी गास्केट बसली. स्क्रू पुन्हा लावायची वेळ आली, तेव्हा मिस्त्री बाजूला झाले आणि त्यांनी पोऱ्याच्या हाती पेचकस दिला. त्याने कान लावून पाव पाव फेरा दिला. इंजिन शांत झाले. बॉनेटवर ठेवलेल्या पेल्यातला चहासुद्धा हलेना.

गिऱ्हाइके अजून तिथेच होती. त्यांच्यासमोरच मी म्हणालो, "बाळ, चूक माझी झाली." तो लाजला. म्हणाला, "सर, स्क्रू सोडला तरी वेग उतरेना, तेव्हाच मी तुम्हाला सांगणार होतो. पण तुम्ही विचारलंच नाही."

पंचवीस वर्षे मी मुलांना प्रश्न विचारतो आहे. त्या दिवशी नेमका तेवढा एक विचारायचा राहिला होता.