लुइझियानाचा कैदी नेमका कुठे मोजायचा?

अमेरिकेतल्या तुरुंगांवर वाचायला घेतलं की लुइझियाना हे राज्य लगेच भेटतं. 2012 च्या सुमारास तिथल्या दर 86 प्रौढांपैकी एक जण शिक्षा भोगत होता, आणि देशात हे प्रमाण सर्वाधिक होतं. आकडा लक्षात राहतो, म्हणून प्रस्तावनेत चिकटवायचा मोह होतो. पण 86 मध्ये एक म्हणजे लाखात साधारण 1,160. केंद्रीय न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाचा त्याच सुमाराचा दर बघा: तो लाखामागे साडेआठशे ते नऊशेच्या दरम्यान आहे. दोन्ही बरोबर आहेत. पहिल्याचा छेद फक्त प्रौढ, दुसऱ्याचा मुलाबाळांसकट सगळे रहिवासी.

छेदाचा घोळ एवढ्यावर मिटतो. अंशाचा मिटत नाही, कारण त्यात इतिहास अडकलाय.

अंशात धरलेत ते राज्याने शिक्षा दिलेले कैदी. ओकडेल आणि पोलॉक इथले फेडरल तुरुंग याच राज्यात आहेत, पण तिथले कैदी यात नाहीत. ते देशभरातून आणलेले, फेडरल गुन्ह्यांतले. खटला सुरू व्हायची वाट बघत स्थानिक जेलमध्ये पडलेलेही यात नाहीत. (मराठीत आपण ‘प्रिझन’ आणि ‘जेल’ दोन्हीला तुरुंगच म्हणतो. टिपणं काढताना हे शब्द वेगळे ठेवा, नाहीतर पुढे पस्तावाल.) मात्र त्याच स्थानिक जेलमध्ये ठेवलेले राज्याचे शिक्षा झालेले कैदी यात आहेत. 2012 मध्ये ते राज्याच्या एकूण कैद्यांच्या निम्म्याहून जास्त होते! बाकी कुठल्याही राज्यात हा वाटा एवढा नव्हता.

हे झालं कसं? राज्याचा मुख्य तुरुंग अँगोला. आधी गुलामांच्या श्रमावर चालणारा मळा, नंतर भाड्याने दिलेले कैदी राबवणारा मळा, आणि 1901 पासून राज्याच्या ताब्यात. सुमारे 18,000 एकर, तीन बाजूंना मिसिसिपी. 1975 मध्ये फेडरल न्यायालयाने इथल्या हलाखीवर ताशेरे ओढले आणि गर्दीवर मर्यादा आली. राज्याने जास्तीचे कैदी पॅरिशच्या, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याच्या, जेलमध्ये पाठवले आणि शेरीफला माणशी रोजचे पैसे द्यायला सुरुवात केली. तात्पुरती सोय होती. पण 1990 च्या दशकात शेरीफांनी याच पैशांच्या भरवशावर मोठी जेलं बांधली. मग रिकामी खाट म्हणजे तोटा. माझ्या मते लुइझियानाचा दर समजून घ्यायचा तर कडक शिक्षांइतकंच या खाटांच्या हिशेबाकडे बघायला हवं. गर्दी कमी करायच्या आदेशातून गर्दीची सोय वाढली.

जिल्हावार नकाशा काढणार असाल तर आणखी एक. जनगणनेत कैदी तुरुंगाच्या पत्त्यावर मोजला जातो. अँगोला ज्या वेस्ट फेलिसियाना पॅरिशमध्ये आहे, तिथे 2010 च्या साधारण 15 हजार लोकसंख्येत सुमारे 5 हजार हे कैदीच. नकाशावर हा पॅरिश लालभडक दिसेल, पण ती माणसं आली बहुतेक दुसरीकडून. कोण कुठून तुरुंगात जातं हा प्रश्न असेल, तर कैद्याचा आधीचा पत्ता लागतो.

2017 मध्ये राज्याने शिक्षा कमी करणारे कायदे केले आणि 2018 मध्ये ओक्लाहोमा त्याच्या पुढे गेल्याच्या बातम्या आल्या. 2024 मध्ये वारं फिरलं: 1 ऑगस्टनंतरच्या गुन्ह्यांसाठी पॅरोल जवळपास बंद. कैद्यांची संख्या ही येणाऱ्यांचा वेग गुणिले राहण्याचा काळ. या कायद्याने दुसरा घटक वाढतो, त्यामुळे पुढची दोनतीन वर्षं आलेख सपाट दिसला तरी ‘परिणाम शून्य’ असं लिहू नका.