बोरिंग यंत्र आणि अचूकतेची कसोटी : विल्किन्सनच्या यंत्राचे पुनर्मूल्यमापन

यंत्रशाळेसाठी आडवे बोरिंग यंत्र निवडावयाचे झाले म्हणजे पहिला प्रश्न त्याच्या अचूकतेचा निघतो. या प्रश्नाला आज मिलिमीटरच्या सहस्रांशांत उत्तर देता येते. परंतु ‘यंत्र किती अचूक आहे’ आणि ‘यंत्राने केलेले काम किती अचूक आहे’ हे दोन प्रश्न वस्तुतः भिन्न आहेत, आणि ते भिन्न आहेत हे उमगावयास कारखानदारीला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. या दृष्टीने जॉन विल्किन्सनच्या बोरिंग यंत्राचा इतिहास पुन्हा तपासून पाहण्याजोगा आहे. वाफयंत्राच्या इतिहासात त्याचा उल्लेख नित्य होतो. तथापि त्या यंत्राचे मोल नेमके कशात होते आणि समकालीनांनी ते कोणत्या कसोटीवर पारखले, याचा विचार क्वचितच केला जातो.

१

प्रथम गरजेचा विचार करू. टॉमस न्यूकमेनचे वाफयंत्र १७१२ साली खाणीतील पाणी उपसण्याच्या कामी लागले. त्यात सिलिंडरमधील वाफ थंड पाण्याच्या फवाऱ्याने निववीत, आणि निर्माण झालेल्या पोकळीत बाहेरील हवेच्या दाबाने दट्ट्या खाली ढकलला जाई. दट्ट्याच्या कडेला चामडे बसविलेले असे व माथ्यावर पाण्याचा थर राखलेला असे. सिलिंडर थोडेफार वेडेवाकडे असले तरी हे पाणी फटी बुजवून टाकी. अर्थात् त्या काळचे बोरिंग सदोष असले, तरी न्यूकमेनच्या यंत्रापुरते ते पुरेसे होते.

जेम्स वॉटला स्वतंत्र संघनकाची कल्पना १७६५ साली सुचली व १७६९ साली त्याला तिचे पेटंट मिळाले. तिचे सारे मर्म सिलिंडर सदैव तप्त राखण्यात होते. तप्त सिलिंडरमध्ये दट्ट्यावर थंड पाणी ठेवणे म्हणजे जी उष्णता वाचवावयाची तीच दवडणे होय. म्हणून चरबीत भिजविलेल्या तागासारख्या भरावावरच विसंबणे भाग होते, आणि सिलिंडर गोल व सरळ नसेल तर असा भराव वाफ अडवू शकत नाही. स्कॉटलंडमधील किनील येथे वॉटने उभारलेल्या यंत्राचे कथलाचे सिलिंडर या परीक्षेस उतरले नाही. तत्त्व निर्दोष होते, पण ते प्रत्यक्षात आणण्याजोगे सिलिंडर कोणास करता येत नव्हते. पेटंट आणि पहिली व्यापारी यंत्रे यांच्यामध्ये जी सात वर्षे गेली, त्यांना भांडवलाच्या अडचणीइतकीच ही उणीवही कारणीभूत होती.

२

तत्कालीन बोरिंगचा दोष नेमका कोठे होता? जॉन स्मीटनने १७६९ च्या सुमारास कॅरन येथील लोखंडाच्या कारखान्यासाठी बोरिंगची गिरणी रचली. तीत पाती बसविलेले शीर्ष एका लांब दांड्याच्या टोकाला असे व दांडा एकाच बाजूने धरलेला असे. शीर्ष स्वतःच्या वजनाने झुकून खालची बाजू अधिक कापू नये म्हणून स्मीटनने त्याला सिलिंडरच्या आतून चालणाऱ्या एका लहान गाडीचा आधार दिला. युक्ती चतुर होती. पण गाडी ज्या पृष्ठावरून चाले ते पृष्ठ ओतीव व खडबडीत होते. ओतकामातील वाकडेपणा गाडीने उचलावा आणि पात्याने गिरवावा, असा प्रकार होई. छिद्र गुळगुळीत होई. सरळ होईच असे नाही.

येथे पाठ्यपुस्तकांतून आढळणाऱ्या एका घोटाळ्याचा निर्देश करणे अवश्य आहे. विल्किन्सनने १७७४ साली पेटंट घेतले ते तोफांच्या बोरिंगचे. त्यात भरीव ओतलेली तोफ आडवी ठेवून फिरवीत आणि न फिरणारे हत्यार तिच्यात पुढे सरकवीत. भरीव तोफ आडवी ठेवून पोखरण्याची पद्धत सर्वस्वी नवीन नव्हती. वुलिच येथे यान व्हर्ब्रुगन १७७० पासून तीच वापरीत होता. विल्किन्सनचे पेटंट १७७९ साली रद्दही झाले. वॉटच्या उपयोगी पडलेले यंत्र याहून निराळे होते. सिलिंडर दोन्ही टोकांना उघडे असते, तोफ नसते. या भेदाचा लाभ घेऊन विल्किन्सनने वेल्समधील बर्शम येथे सिलिंडर पक्के बांधून ठेवले आणि बोरिंगचा दांडा त्याच्यातून आरपार नेऊन दोन्ही टोकांस धारव्यांवर टेकविला. दांडा फिरत असताना शीर्ष त्याच्यावरून दातेरी पट्टीच्या साहाय्याने पुढे सरके. या यंत्राचे पेटंट त्याने घेतले नाही.

या रचनेचे महत्त्व साध्या यामिकीने दाखविता येते. एका टोकाशी घट्ट धरलेला दांडा दुसऱ्या टोकावरील भाराने जेवढा वाकतो, त्याच्या सोळाव्या हिश्शानेच तोच दांडा दोन्ही टोकांना टेकवून मध्यावर तेवढाच भार दिला असता वाकतो. परंतु दृढतेहूनही मोठी गोष्ट अशी की, शीर्षाला मार्ग दाखविणारे पृष्ठ आता ओतीव सिलिंडरचे राहिले नाही. ते यंत्राचेच झाले. कामाच्या वस्तूतील चूक यंत्राच्या मार्गात शिरण्याचे थांबले. विल्किन्सनचे खरे कर्तृत्व हेच होय.

३

१७७५ च्या वसंतात विल्किन्सनने बोर केलेले लोखंडी सिलिंडर बर्मिंगहॅमनजीक सोहो येथे, किनीलहून आणलेल्या यंत्राला बसविण्यात आले. पुढील वर्षी टिप्टनजवळील ब्लूमफील्ड कोळसाखाणीवर ५० इंची सिलिंडरचे यंत्र सुरू झाले. वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने या सिलिंडरविषयी अभिप्राय दिला तो असा की, त्याच्यातील चूक कोठेही जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीसुद्धा नाही.

हा अभिप्राय पुष्कळदा उद्धृत होतो, पण कसोटी म्हणून तो तपासला जात नाही. झिजलेल्या शिलिंगची जाडी ढोबळ मानाने एक मिलिमीटर धरली, तर १२७० मिलिमीटर व्यासात चूक सुमारे हजारात एक भाग ठरते. आजच्या मानाने ही चूक प्रचंड आहे. तरीही समकालीनांनी त्या सिलिंडरला जवळजवळ निर्दोष म्हटले ते योग्यच होते, कारण तेवढी फट भरावाने बुजत होती. अचूकता ही निरपेक्ष राशी नव्हे. ती गरजेशी लावून वाचावी लागते. दुसरे असे की, शिलिंगची कसोटी तयार सिलिंडरला लावलेली होती, यंत्राला नव्हे. ओतीव, पाते, कारागीर व यंत्र या चौघांचे यशापयश तिच्यात एकत्र मिसळलेले होते. एकाच छिद्राचे काम होते तोवर यात काही बिघडत नव्हते.

या यंत्राचे मोल व्यवहारातही दिसून येते. सुमारे वीस वर्षे बोल्टन व वॉट बहुतेक सिलिंडरांसाठी विल्किन्सनवर अवलंबून राहिले. तो परवान्याविना वाफयंत्रे बांधून विकीत असल्याचे उघडकीस आल्यावर संबंध तुटले, आणि १७९६ साली त्यांनी सोहो फाउंड्री ही स्वतःची ओतशाळा व बोरिंगची व्यवस्था उभी केली.

४

विसाव्या शतकात गरज पालटली. गतिपेटीसारख्या एकाच ओतीव कवचात अनेक छिद्रे परस्परांस समांतर आणि ठराविक अंतरावर पाडावयाची, तर प्रत्येक छिद्राची गोलाई पाहून भागत नाही. तर्कूचा अक्ष मेजाच्या गतीशी समांतर आहे काय, स्तंभ मेजाशी काटकोनात आहे काय, हे यंत्रावरच तपासावे लागते. बर्लिनचे प्राध्यापक गेओर्ग श्लेसिंगर यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पाणसळ, तपासदांडी व डायल गेज यांच्या साहाय्याने यंत्राची भूमितीय परीक्षा घेण्याची पद्धत सूत्रबद्ध केली. १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्यांना अटक केली. पुढे त्यांनी देश सोडला. त्यांची पद्धत मात्र सर्वत्र रुजली, आणि आडव्या बोरिंग यंत्रांसाठीची आय.एस.ओ. ३०७० ही आंतरराष्ट्रीय मानके याच परंपरेतील आहेत.

तथापि या पद्धतीलाही मर्यादा आहे. भूमितीय परीक्षा स्थिर, भाररहित आणि बहुधा थंड यंत्राची होते. प्रत्यक्ष कामात तर्कू जितका बाहेर काढावा तितका झुकतो. लांबी दुप्पट केली तर टोकावरील त्याच भाराने वाक आठपट होतो. धारवे तापले की अक्ष सरकतो. म्हणूनच भूमितीय परीक्षेनंतर नमुन्याचे काम करून पाहण्याची प्रथा टिकून आहे. शिलिंगची कसोटी अद्यापि पूर्णपणे निकालात निघालेली नाही.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. इतिहासाच्या बाजूने पाहता, विल्किन्सनच्या यंत्राचे श्रेय ‘अधिक अचूकता’ एवढ्या मोघम शब्दांत सांगणे अपुरे आहे. मार्गदर्शक पृष्ठ वस्तूकडून यंत्राकडे आणणे, हे त्याचे नेमके कार्य होय. आणि यंत्रशाळेच्या बाजूने पाहता, कोणत्याही बोरिंग यंत्राचे मूल्यमापन करताना सूचीतील आकड्यांपूर्वी तीन गोष्टी निश्चित केल्या पाहिजेत : कोणत्या कामासाठी किती चूक चालेल, ती चूक यंत्राची की अन्य कशाची, आणि ती कोणत्या भाराखाली मोजली. बोल्टनपाशी यांपैकी पहिल्याच प्रश्नाचे उत्तर होते; त्याचे काम तेवढ्यावर भागले. आपले भागणार नाही.