शानबाग खटला

निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे जीवरक्षक उपचार थांबवण्याला, भारतात प्रथमच सशर्त मान्यता देणारा खटला. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. मार्कंडेय काटजू व न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी ७ मार्च २०११ रोजी त्याचा निकाल दिला.

अरुणा शानबाग या मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील एका सफाई कामगाराने साखळीने गळा आवळून त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. पुढे त्याच रुग्णालयात परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणा यांच्या ‘निकटच्या स्नेही’, म्हणजे त्यांच्या वतीने न्यायालयात दाद मागणारी व्यक्ती, म्हणून याचिका केली. अन्न देणे थांबवावे, अशी विराणी यांची मागणी होती. परिचारिकांनी या मागणीला कडाडून विरोध केला. पेच इथेच होता. अरुणा व्हेंटिलेटरवर नव्हत्या. काढून घ्यायचे ते यंत्र नव्हे, जेवण होते. आणि भरवणाऱ्यांच्या लेखी जेवण हा उपचार नव्हता. खरे स्नेही रुग्णालयातील कर्मचारीच, असे ठरवून न्यायालयाने याचिका फेटाळली. तरीही इतर रुग्णांसाठी उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाट त्याच निकालाने मोकळी झाली. अरुणा यांचे १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने निधन झाले.

वृत्तपत्रांनी या प्रकरणाला सर्रास ‘इच्छामरण’ म्हटले. तो शब्द चुकीचा होता, कारण रुग्णाची इच्छा कोणालाच ठाऊक नव्हती. त्याउलट १९६६ मध्ये सावरकरांनी आणि १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी अन्न व औषध सोडले, ते स्वतः ठरवून. शुद्धीत असतानाच उपचार थांबवण्याची इच्छा लिहून ठेवण्याची सोय, म्हणजे लिव्हिंग विल, ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केली. न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची अट मात्र इतकी जाचक होती की सोय कागदावरच राहिली. २०२३ मध्ये ती अट जाऊन नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा ठरला. दोन वैद्यकीय मंडळांच्या संमतीची अट मात्र कायम राहिली.

प्राणघातक इंजेक्शन देणे किंवा आत्महत्येस साह्य करणे आजही गुन्हा आहे. खर्च झेपत नाही म्हणून नातेवाईक ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ रुग्णाला घरी नेतात, त्याची नोंद मात्र दयामरण म्हणून होत नाही.