कुशीवरची वीतभर खूण

साठी ओलांडलेल्या काही माणसांच्या कुशीवर, बाराव्या बरगडीपासून पोटाकडे तिरका उतरलेला वीतभर व्रण दिसतो. मुतखड्याच्या जुन्या ऑपरेशनची ती खूण. आता ‘दुर्बिणीतून’ आणि ‘लेझरने’ हे शब्द इतके सवयीचे झालेत, की या उघड्या शस्त्रक्रियेला मागासलेली ठरवून आपण मोकळे होतो. हा तिच्यावर अन्याय आहे. महागडी यंत्रं नसलेल्या रुग्णालयांत कित्येकांची मूत्रपिंडं वाचली ती याच छेदातून.

मूत्राशयातला खडा काढण्याची विद्या फार जुनी. सुश्रुतसंहितेत तिचं सविस्तर वर्णन आहे. मूत्रपिंडाला ठरवून हात घालण्याचं धाडस मात्र खूप उशिरा आलं. १८६९ मध्ये हायडेलबर्गच्या गुस्ताव्ह सायमन यांनी एक मूत्रपिंड काढूनही माणूस जगतो हे दाखवून दिलं. १८८० मध्ये लंडनच्या हेन्री मॉरिस यांनी मूत्रपिंड जागच्या जागी ठेवून आतला खडा तेवढा काढला. पुढे १८९६ मध्ये ग्लासगोत जॉन मॅकिंटायर यांनी क्ष-किरणांनी मूत्रपिंडातला खडा टिपला आणि सर्जनचं चाचपडणं बरंच कमी झालं.

या शस्त्रक्रियेला लागायचं काय? भूल, चांगला उजेड, रक्ताची सोय, वाकड्या तोंडाचे चिमटे आणि सरावलेले हात. स्नायूंचे थर बाजूला करत मूत्रपिंडापर्यंत जायचं, लघवी जिथे गोळा होते ती पिशवी उघडायची, खडा काढायचा आणि विरघळणाऱ्या दोऱ्याने टाके घालायचे. रेशमाचा धागा आत राहिला, तर त्याच्याभोवतीच नवा खडा धरतो. मूत्रनलिकेतल्या खड्यासाठी आणखी एक शिस्त असे: रुग्णाला टेबलावर घेण्याआधी त्याच दिवशी पुन्हा एक्स-रे. रात्रीतून खडा खाली सरकला, तर छेद भलत्याच ठिकाणी पडायचा.

खरी कसोटी शिंगांसारख्या फांद्या फुटलेल्या मोठ्या खड्याची. मूत्रपिंड चिरावं तर रक्ताची धार लागते. बार्सिलोनाच्या जोसेप गिल-व्हर्नेट यांनी १९६० च्या दशकात मूत्रपिंडाच्या मांसल भागाला धक्का न लावता, त्याच्या खोबणीतून आत शिरण्याची वाट रूढ केली. त्यासाठी हवे होते फक्त खास आकाराचे रिट्रॅक्टर. त्याच दशकात अमेरिकेत स्मिथ आणि बॉइस यांनी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा थांबवून, त्याला बर्फात गार करून, कमी रक्तवाहिन्यांच्या रेषेवर छेद घेण्याची पद्धत बसवली. गार न करता रक्त अडवलं, तर अर्ध्या तासापलीकडे मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका वाढत जातो. बारीक खडे मागे राहू नयेत म्हणून आत रक्तघटकांचं द्रावण ओतून ते गोठवायचं आणि खड्यांसकट अख्खी गाठ बाहेर ओढायची, ही युक्ती तर १९४० च्या दशकातली. तुटपुंज्या साधनांत इतकी कल्पकता दाखवणाऱ्या शस्त्रक्रिया थोड्याच असतील.

मग दहाएक वर्षांत सगळं पालटलं. १९७६ मध्ये स्वीडनच्या फर्नस्ट्रोम आणि योहानसन यांनी पाठीतल्या छोट्या छिद्रातून खडा काढल्याचं प्रसिद्ध केलं. १९८० मध्ये म्युनिकला शरीराबाहेरून आघातलहरी सोडून रुग्णाच्या मूत्रपिंडातला खडा फोडण्यात आला. सुरुवातीच्या यंत्रात रुग्णाला पाण्याच्या टबात बसवत. यंत्र अतिशय महाग, शिवाय चुरा लघवीवाटे पडेपर्यंत पुन्हा पुन्हा येणं आलं. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी मोजणाऱ्याला हे कुठून परवडणार? एका खेपेत मोकळं करणारा मोठा छेद त्याच्यासाठी अनेकदा रास्तच होता.

नवं तंत्र गरिबापर्यंत पोचवायला संस्थाच उभ्या राहाव्या लागल्या. १९७८ मध्ये गुजरातेत, नडियादसारख्या मध्यम गावात मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल सुरू झालं. पाठीतल्या छिद्रातून खडा काढण्याच्या तंत्रासाठी त्याचं नाव जगभर झालं आणि डॉक्टर तिथे शिकायला येऊ लागले. कराचीच्या सिव्हिल हॉस्पिटलात अदीब रिझवी यांनी १९७० च्या दशकात आठ खाटांपासून सुरुवात केली. त्याच विभागाची पुढे सिंध इन्स्टिट्यूट ऑफ युरॉलॉजी अँड ट्रान्सप्लांटेशन ही संस्था झाली, आणि तिथे उपचार आजही मोफत होतात.

१९९० च्या दशकात पसरलेल्या एका साध्या स्विस उपकरणानेही मोठं काम केलं. दाबाखालच्या हवेने आतली सळई हातोडीसारखी खड्यावर आपटते. लेझरपेक्षा ते स्वस्त, दणकट, आणि सळई निर्जंतुक करून पुन्हा वापरता येते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर मूत्रनलिकेत बहुधा तात्पुरती नळी ठेवतात, डीजे स्टेंट. दुखणं थांबलं की रुग्ण गावी जातो आणि नळी विसरतो. महिने उलटले की तिच्यावरच खड्यांची पुटं चढतात आणि क्वचित मूत्रपिंड निकामी होतं. म्हणून जिथे स्टेंटची वेगळी नोंदवही असते, ठरल्या तारखेला रुग्णाला फोन जातो आणि नळी काढण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, तिथेच ही नवी शस्त्रक्रिया पुरी झाली असं म्हणता येतं.